वाचकांची पत्रं : वेबसाइटच्या किल्ल्या कुणाकडे?

मागच्या अंकात कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागीर कुटुंबाच्या वेबसाइटबद्दल मी जेमतेम अर्धं पान लिहिलं होतं. आमच्या एजन्सीनं गेल्या वर्षभरात केलेल्या कामांपैकी मला सगळ्यात जवळचं वाटलेलं ते काम. त्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही सहा जण आहोत. दोघं वेबसाइट बांधतात, दोघी सोशल मीडिया बघतात, एक जण कॅमेरा सांभाळतो. हिशेब, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि मराठी मजकूर माझ्याकडे. तांत्रिक गोष्टी मी या पोरांकडून तपासून घेऊनच लिहिल्या आहेत. पत्रं मोठी होती, त्यातला गाभा तेवढा ठेवलाय.

ताई, मी घरी कांदा-लसूण मसाला करते. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टावर ऑर्डरी येतात. तुम्ही त्या चप्पलवाल्यांसाठी नेमकं काय केलंत, खर्च किती आला आणि मीही वेबसाइट करून घेऊ का? मला एकानं दीड लाख सांगितलेत.
— एक वाचक, गडहिंग्लज

ताई, दीड लाख देऊ नका. हे आधी सांगते, मग बाकीचं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि ती कुठली, कुणाची, हे काही सांगितलं नाही. आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संघटनेनं पत्र पाठवल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरांकडूनच घेतल्याचं मान्य केलं. त्याच दिवसांत या कुटुंबातला धाकटा मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, लोक विचारायला लागलेत, खरी कुठं मिळते? आणि आमच्याकडं दाखवायला काहीच नाही." इन्स्टाचं पान होतं त्याचं. त्यावर सणांच्या शुभेच्छा होत्या आणि दुकानाच्या पाटीचा एक फोटो.

पहिल्या दोन फेऱ्यांना आम्ही लॅपटॉप नेलाच नाही. नुसते बसून राहिलो. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, रापीनं कापलेला तळ, आरीनं भोक पाडून त्यातून ओढलेली वादी. वडील काम करता करता बोलत होते आणि मी लिहून घेत होते. त्या मुलाची आई आणि चुलती उंबऱ्याजवळ बसून वेणी घालत होत्या. कातड्याच्या केसासारख्या बारीक पट्ट्या, पायाच्या अंगठ्याला एक टोक अडकवलेलं, आणि बोटं इतकी झरझर चालत होती की माझी नजर मागे पडत होती. या कुटुंबानं आजवर काढलेल्या एकाही फोटोत या दोघी नव्हत्या. चपलेकडं बघताना गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जाते ती वेणीवर, आणि वेणी घालणारीच कुठं दिसत नव्हती. मला ते फार लागलं.

आम्ही त्या वेणीचाच व्हिडिओ केला. चेहरा नको म्हणाल्या, म्हणून फक्त हात. पन्नास सेकंद, खाली कुठलंही गाणं नाही; आरीचा आवाज, मागे कुकरची शिट्टी, चुलतीचं एक वाक्य, "ही उजव्या पायाची, डाव्याची उलटी घालायची." गाणं न लावण्याचं एक कारण असंही की धंद्याच्या खात्यावर सिनेमाची लोकप्रिय गाणी वापरायचा हक्क आपल्याला नसतो, इन्स्टा ती बहुतेक वेळा देतही नाही आणि कुठून आणून लावली तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. पण खरं कारण हे की त्या आवाजापेक्षा चांगलं गाणं आम्हाला सापडलं नसतं. पुढं जेवढ्या ऑर्डरी आल्या, त्यातल्या पुष्कळ जणांनी "तो वेणीचा व्हिडिओ बघून आलो" असंच सांगितलं.

वेबसाइट पाचच पानांची आहे. वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर बांधली, ऑनलाइन विक्रीसाठी त्याला वूकॉमर्स जोडलं. दोन्ही फुकट आहेत, पैसे जातात ते बांधणाऱ्याच्या वेळेचे. सगळ्यात जास्त वेळ दोन गोष्टींनी खाल्ला. पहिली, फोटोंचं वजन. मोबाइलवर काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा. तसेच्या तसे चढवले तर राधानगरीच्या घाटात उभ्या माणसाला पान उघडेपर्यंत अर्धा चहा होईल. गूगलचा निकष असा की पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. आम्ही प्रत्येक फोटो दीडशे केबीच्या खाली आणला आणि आमच्यातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, गावाबाहेर जाऊन, पान उघडून बघितलं. ऑफिसच्या वायफायवर सगळंच भराभर उघडतं, तिथली चाचणी धरायची नाही.

दुसरी गोष्ट माप. पहिल्या महिन्यात ज्या जोड्या परत आल्या त्या जवळजवळ सगळ्या मापापायी. कोल्हापुरी पायात घालून सैल होते, म्हणून कारागीर ती मुद्दाम घट्ट देतो. दुकानात समोर बसवून हे सांगता येतं, मोबाइलवर कोण सांगणार? बुटांच्या आकड्यांचा तक्ता लावून काही उपयोग झाला नाही. शेवटी त्या मुलाच्या वडिलांनीच तोडगा काढला. ते म्हणाले, "आमच्याकडं बाहेरगावचं गिऱ्हाईक कागदावर पाय आखून पाठवायचं." तेच आम्ही वेबसाइटवर घेतलं. कोऱ्या कागदावर उभं राहा, पेन्सिल सरळ धरून पाऊल आखा, शेजारी दहा रुपयाचं नाणं ठेवा आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नाणं असलं की फोटो लहान-मोठा आला तरी माप काढता येतं. परत येणाऱ्या जोड्या त्यानंतर खूप कमी झाल्या. आमच्या कुठल्याही डिझाइनपेक्षा ही त्यांची जुनी रीत कामाला आली.

एक गोष्ट आम्ही अडून धरली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्याच मालाचं अशी सरकारी नोंद झाली. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते आहे. पण जिल्ह्यात राहतो म्हणून कुणालाही ती खूण लावता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मुलगा म्हणत होता, सगळेच लावतात, आपणही लावू. मी नाही म्हटलं. आधी अर्ज करायला लावला. तोवर पानावर एवढंच लिहिलं की ही चप्पल कुठल्या गल्लीत, कुणाच्या हातची, कसल्या कातड्याची.

आता खर्च. बांधणीचे आणि छायाचित्रणाचे मिळून आम्ही ३८ हजार घेतले. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) यांचे वर्षाला साधारण पाच हजार, ते त्यांच्याच कार्डावरून जातात. जाहिरातीला दिवसाला २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तेही आठवड्यातले चारच दिवस, पुणे, मुंबई आणि बेंगळुरू एवढ्याच शहरांत. फेसबुक-इन्स्टावर पोस्टखालचं निळं 'बूस्ट'चं बटण आम्ही दाबत नाही. अ‍ॅड्स मॅनेजरमधून जाहिरात लावली की कुठल्या गावात, कुठल्या वयाला, कशासाठी दाखवायची हे बारकाईनं ठरवता येतं. बूस्टमध्ये पैसे बऱ्याचदा लाइक्सवरच खर्च होऊन जातात आणि लाइक करणारा माणूस चप्पल घेईलच असं नाही. ऑनलाइन पैसे घेणारी गेटवे कंपनी प्रत्येक व्यवहाराचे साधारण दोन टक्के कापते, ते किमतीत धरायला विसरू नका. सगळ्याला सात आठवडे लागले, त्यातले तीन नुसते फोटो आणि मजकुरात गेले.

आणि आता तुमचं. ताई, तुम्हाला आज वेबसाइट नको. आधी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी झाली आहे का ते सांगा. तो चौदा आकडी नंबर पाकिटावर आणि तुमच्या प्रत्येक ऑनलाइन पानावर हवा. मग गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, ते फुकट आहे. घरून धंदा करता म्हणून पत्ता दाखवायचा नसेल तर तो लपवून फक्त 'या भागात माल पोचवतो' असं ठेवता येतं. एकट्या बाईनं घरचा पत्ता जगाला दाखवायची काही गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरा: पाव किलो, अर्धा किलो, एक किलो, तिखट, मध्यम. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला, "नंबर सेव्ह करा, मिरची भरायच्या दिवसांत कळवते." दिवसात पन्नास जण तोच प्रश्न विचारायला लागले आणि उत्तरं देता देता भाजणी करपायची वेळ आली, की मला पत्र लिहा. तेव्हा वेबसाइट करू. आणि मसाला भाजतानाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, तुमचं पहिलं रील तेच.

मॅडम, मिरजेत आमचं सतारी-तंबोऱ्यांचं पिढीजात दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका एजन्सीकडून वेबसाइट केली. आता नूतनीकरणाला गेलो तर कळलं की डोमेन त्यांच्याच नावावर आहे. दुपटीनं पैसे मागतात, नाहीतर साइट बंद करू म्हणतात. आजोबा भोपळे निवडतानाचे फोटो त्या साइटवरच आहेत, मूळ फोटो आमच्याकडे नाहीत. काय करावं?
— एक वाचक, मिरज

तुमचं पत्र वाचून मला झोप लागली नाही, कारण हे मी दुसऱ्या बाजूनं पाहिलंय. आमची एजन्सी नवी होती तेव्हा गिऱ्हाइकाला कटकट नको म्हणून आम्हीही डोमेन आमच्या ई-मेलवर घेत होतो. हेतू वाईट नव्हता, पण परिणाम तोच होता: दुकान त्यांचं आणि सातबारा आमच्या नावावर. एका गिऱ्हाइकानं सरळ विचारलं, "उद्या तुम्हाला काही झालं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या महिन्यात बसून सगळी डोमेन आम्ही ज्याची त्याच्या नावावर केली.

आधी फोटो वाचवा, आजच. साइट अजून चालू आहे तोवर प्रत्येक पान उघडून फोटो आणि मजकूर उतरवून घ्या. इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन म्हणून एक फुकट सोय आहे. तिथं तुमचा पत्ता टाकला तर साइटच्या जुन्या प्रती, तारखेनिशी, बहुधा सापडतील. त्या प्रतींचा दुसरा उपयोग असा की साइटवर तुमच्याच दुकानाचं नाव इतकी वर्षं होतं याचा तो पुरावा आहे.

मग व्हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद दाखवणाऱ्या ऑनलाइन सोयीत, तुमचं डोमेन शोधा. मालकाचं नाव आता बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण डोमेन कुठल्या कंपनीकडे नोंदलंय आणि कोणत्या तारखेला संपतंय एवढं दिसतं. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. भांडणात दोघांपैकी कुणीच पैसे भरले नाहीत आणि मुदत गेली, तर डॉटकॉमच्या बाबतीत ते परत मिळवायला काही दिवसांचाच अवधी असतो आणि दंडही मोठा पडतो. तो अवधीही गेला की नाव कुणीही उचलू शकतं.

एजन्सीला फोन करू नका, ई-मेल करा. जुनी बिलं जोडा. डोमेनचे पैसे तुम्ही भरलेत हे बिलावर असेल तर ती ओळ अधोरेखित करा. मागायच्या गोष्टी दोनच: हस्तांतरणाचा कोड, ज्याला ऑथ कोड म्हणतात, आणि साइटची पूर्ण प्रत, डेटाबेससकट. पंधरा दिवसांची मुदत द्या. दिलं तर त्यांचं राहिलेलं जे काही योग्य बिल असेल ते लगेच भरा, त्यात घासाघीस नको. नाहीच दिलं तर डॉट-इन नावांसाठी आयएनडीआरपी आणि डॉटकॉमसाठी यूडीआरपी अशी लवाद पद्धत आहे. तिथं नाव तुमचं आहे आणि समोरच्यानं ते वाईट हेतूनं अडवलंय हे दाखवावं लागतं. पिढीजात दुकानाचं नाव असेल, ट्रेडमार्क असेल तर बाजू बळकट होते. वकिलाचा खर्च मात्र दुप्पट नूतनीकरणाच्या कितीतरी वर जाऊ शकतो, म्हणून ती पायरी शेवटची.

फोटोंचं म्हणाल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं आहे. डिझाइन आणि मजकुराला हे लागू होत नाही. ते हक्क तुमच्याकडे यायला लेखी करार लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं धरली जाते. पुढच्या वेळी करारात "कायमस्वरूपी" हा एक शब्द घालून घ्या.

आम्ही काम संपलं की गिऱ्हाइकाच्या हातात एक वही देतो. साधी, शंभर पानी. त्यात डोमेन कुणाकडे, कोणत्या ई-मेलवर, कधी संपतं, होस्टिंगचं तेच, फेसबुक पेजचा मालक कोण आणि आम्हाला कोणता अधिकार दिलाय, जाहिरात खातं कुणाच्या कार्डावर, गूगल प्रोफाइल, अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल. पासवर्ड त्यात लिहीत नाही, ते गिऱ्हाईक आमच्यासमोर बदलतं. सुभाषनगरातल्या त्या आईनं ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवली, रेशनकार्डाशेजारी. तुम्हीही नवीन साइट कराल तेव्हा अशी वही मागा, आणि जो देणार नाही त्याला काम देऊ नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये मानांकन मिळालंय, लोक आता शोधत येणार. अशा वेळी सतारमेकर गल्लीतल्या दुकानाचं नाव दुसऱ्याच्या खिशात राहता कामा नये.

ताई, आमच्या मिसळच्या हॉटेलासाठी दोन हजारात दहा हजार फॉलोअर्स देतो म्हणतात. आणि गूगलवर पाच तारे देणाऱ्याला एक प्लेट फुकट ठेवली तर चालेल का?
— एक वाचक, कराड

दोन्ही नको. विकतचे फॉलोअर्स मिसळ खायला येत नाहीत. उलट तुमची पोस्ट आधी त्यांनाच दाखवली जाते, ते बघत नाहीत, आणि मग खऱ्या कराडकरांपर्यंत ती पोचतच नाही. फुकट प्लेटच्या बदल्यात अभिप्राय घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, प्रोफाइलच जाऊ शकतं. काउंटरवर क्यूआर कोड ठेवा आणि तोंडानं विचारा. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी, नावानिशी, मराठीत उत्तर द्या. फूड व्लॉगरला पैसे किंवा फुकट जेवण दिलंत तर व्हिडिओवर 'जाहिरात' असं ठळक लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम २०२१ पासून आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे.

आदरणीय मॅडम, मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. हल्ली प्रत्येक वेबसाइटवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे का दिसतात? जोडाक्षरं फुटतात, 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. याकडे कुणी लक्ष देत नाही का?
— एक वाचक, सातारा

सर, तुमच्या पत्रासाठी मनापासून आभार. मी यावर कितीतरी दिवस लिहायचं म्हणत होते.

राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवून दिलेत, ते तुम्ही वर्गात शिकवले असतील. अडचण अशी की संगणकात हिंदीच्या आणि मराठीच्या 'ल'चा संकेत एकच आहे. कुठलं वळण दाखवायचं हे फॉन्ट ठरवतो, आणि बहुतेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. काही चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणही आत दडवून ठेवलेलं असतं. ते बाहेर यायला पानाच्या कोडमध्ये अगदी वरच्या ओळीत भाषेची खूण 'एमआर' अशी लिहावी लागते. बांधणारा ती लिहितच नाही. तिथं इंग्रजीचा 'ईएन' तसाच पडून राहतो. दोन अक्षरांचं काम आहे, सर. आमच्या ऑफिसात नवीन पोरगा आला की त्याला मी पहिल्या दिवशी हेच करायला लावते आणि आधीचा नि नंतरचा 'ल' शेजारी शेजारी दाखवते. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. ज्यांना हेही नको त्यांच्यासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट आहे; तो मराठी वळणासाठीच घडवलाय आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो.

'दऱ्या'ची गोष्ट वेगळी. तो दोष टंकलेखनाचा. आडव्या रफारासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो, साधा 'र' घेतला की डोक्यावर रफार जातो. आंबोलीतल्या एका रिसॉर्टसाठी आम्ही मजकूर लिहिला होता, "खिडकी उघडली की सह्याद्रीच्या दऱ्या." साइटवर चढवताना कुणीतरी पुन्हा टाइप केलं आणि सह्याद्रीत समुद्र आला. चार दिवस ते तसंच होतं, ते मला अजून खटकतं. तेव्हापासून मजकूर पुन्हा टाइप करायचा नाही, माझ्या फाइलमधूनच उचलायचा, असा नियम आहे. अक्षरं साफ फुटतात ती मात्र जुन्या डीटीपी फॉन्टमुळे. छापखान्याच्या पत्रकातला मजकूर त्या फॉन्टमध्ये असतो, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या संकेतांत नसतो. तो चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा खच पडतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, मग डोळ्यांत तेल घालून वाचावा लागतो.

आणि सर, वळणाइतकाच वाक्यांचाही प्रश्न आहे. "आमच्या उत्पादनांच्या विस्तृत श्रेणीचा शोध घ्या" असं मराठीत कोणता दुकानदार म्हणतो? चपलेच्या साइटवर आम्ही बटणावर लिहिलं, "माप पाठवा". त्याच्या खाली, "आठ दिवसांत शिवून देतो." ही दोन्ही वाक्यं मी रचलेली नाहीत, वडील दुकानात तसंच बोलत होते. देवनागरीत पत्ताही घेता येतो. २०१४ पासून डॉटभारत आहे. मी तो जोडीला ठेवायला सांगते, एकटा नको, कारण काही ठिकाणी तो अजून एक्सएन आणि दोन रेघा अशा अगम्य रूपात दिसतो आणि लोक फसवणूक समजून उघडत नाहीत.

आपल्याकडे वेळ असेल तर एक विनंती आहे. आमच्या मराठी मजकुराचं मुद्रितशोधन कराल का? मानधन देऊ. संपादकांकडे माझा पत्ता आहे.

दीदी, मी एकटाच वेबसाइटची कामं करतो. एका कापड व्यापाऱ्याची साइट पूर्ण करून दिली, चार महिने झाले, पैसे देत नाही. मित्र म्हणतात साइट बंद कर, झक मारत देईल. करू का?
— एक वाचक, इचलकरंजी

नको करू बाळा. वरचं मिरजेचं पत्र आणि तुझं पत्र एकाच दिवशी आलं. तू बटण दाबलंस की तुझ्या गिऱ्हाइकाच्या नजरेत तू त्या एजन्सीसारखाच होशील, आणि मग तुझी बाजू खरी असूनही कुणी ऐकणार नाही. शिवाय त्याच्या गिऱ्हाइकांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? काम घेण्याआधीची असेल तर २००६ चा एमएसएमई कायदा तुझ्या बाजूनं आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार घालता येते, ती थकलेल्या पैशांचे वाद बघणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. आणि त्या व्यापाऱ्याच्या सीएला कळेल अशी एक गोष्ट: तुझ्यासारख्या लहान पुरवठादाराचं बिल त्या मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च त्याला करात वजा मिळत नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पानं ही तरतूद आणली. बरेच अडलेले पैसे त्यामुळे मार्चमध्ये सुटतात, हे मी स्वतः अनुभवलंय. नोंदणी नसेल तर आजच कर, फुकट आहे. या बिलाला नाही तरी पुढच्याला कामी येईल.

पुढच्या कामाला ४० टक्के आधी, ३० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, ३० टक्के साइट चालू करायच्या आदल्या दिवशी. शेवटचे तीस आल्याशिवाय साइट तुझ्या चाचणीच्या पत्त्यावरच राहील, हे पहिल्याच कागदावर लिही. चालू साइट बंद करणं वेगळं आणि ठरल्याप्रमाणे चालूच न करणं वेगळं.

आता या व्यापाऱ्याला सोमवारी सकाळी, दुकान उघडून तासभर झाल्यावर, व्हॉट्सअ‍ॅप आणि ई-मेल दोन्हीवर एवढंच पाठव (उद्यम नोंदणी आधीची नसेल तर नंबरचं वाक्य आणि पोर्टलचा उल्लेख गाळ): "शेठ, नमस्कार. साइट व्यवस्थित चालू आहे आणि राहील. बिल जोडलंय, तारीख बघा. उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर आहे. या शुक्रवारपर्यंत रक्कम जमा करावी, नाहीतर मला एमएसएमईच्या पोर्टलवर अर्ज करावा लागेल. डोमेन तुमच्याच नावावर आहे, त्याची कागदपत्रंही सोबत पाठवतोय." शेवटचं वाक्य गाळू नकोस. शुक्रवारी काय झालं ते मला कळव.